शय्येचें माप

मनुष्य आपल्या आयुष्याचा सुमारें तिसरा हिस्सा निद्रेंत घालवितो, ही गोष्ट इतकी सर्वश्रुत आहे कीं ती पुन्हां सांगण्यांत कांहींच नावीन्य नाहीं. परंतु ज्या चार पायांवर हा तिसरा हिस्सा व्यतीत होतो त्या पायांची उंची कोणी ठरविली, त्यांवरील चौकटीची लांबीरुंदी कोणत्या हिशेबानें आली, आणि ती चौकट घरांतील कोणाच्या वांट्यास गेली, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. सिंहासनांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला; शय्येचा इतिहास मात्र घरांतल्या घरांतच राहिला. आम्हीही केवळ जिज्ञासेनें या विषयाकडे वळलों, असें म्हणतां येणार नाहीं. एका घरगुती अडचणीनें आम्हांस तिकडे वळविलें, आणि ती अडचण वाचकांपुढें प्रथम मांडणें हेंच प्रामाणिकपणाचें होईल.

आमच्या मूळ गांवचा वाडा कांहीं वर्षांपूर्वीं उतरविण्यांत आला. भाऊबंदांत वस्तूंची वांटणी झाली, आणि आमच्या वांट्यास आजोबांचा शिसवी पलंग आला. साडेसहा फूट लांब, पांच फूट रुंद, जमिनीपासून सव्वादोन फूट उंच, आणि चारही कोपऱ्यांस मच्छरदाणीचे कांतीव खांब, असा तो भव्य पलंग. शहरांतील आमच्या बिऱ्हाडांत मातोश्रींची खोली दहा फूट लांब व आठ फूट रुंद. पलंग मांडल्यावर तेथील कपाटाचें दार उघडेना. आणि ऐंशी वर्षें ओलांडलेल्या मातोश्री पलंगाच्या कडेवर बसल्या असतां त्यांचे पाय जमिनीस टेंकेनात. सुतारास बोलाविलें. त्यानें खोलीस एक फेरी घातली, पलंगाच्या खांबावरून एकदां हात फिरविला आणि सांगितलें, "काका, एक तर पलंग कापा, नाहीं तर भिंत पाडा."

पलंग कापावा कीं कापूं नये, या वादांत घरांतील मंडळी आठ दिवस गुंतलीं असतां मातोश्रींनीं जें एक वाक्य उच्चारलें, तें या लेखाचें खरें मूळ होय. त्या म्हणाल्या, "अरे, हा मामंजींचा पलंग. पन्नास वर्षें मीं याच्यावरची धूळ पुसली. पण यावर पाठ कधीं टेंकली नाहीं." कोणाची शय्या किती मोठी असावी हा प्रश्न वरवर पाहतां लांबीरुंदीचा दिसतो, पण मुळांत तो मानाचा आहे, असें त्या वाक्यानें आमच्या ध्यानांत आलें, आणि आम्ही जुने ग्रंथ चाळूं लागलों.

शय्येच्या मापाविषयीं आपल्याकडील अगदीं स्पष्ट असें विवेचन वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत सांपडतें. उज्जयिनीच्या या ज्योतिष्यानें इ. स. च्या सहाव्या शतकांत रचलेल्या त्या ग्रंथांत ग्रहांच्या चारापासून घरांच्या बांधणीपर्यंत नानाविध विषय आले आहेत, आणि शय्या व आसनें यांच्या लक्षणांस एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. सोललेले आठ यव एकमेकांस लावून ठेविले असतां जें माप होतें तें एक अंगुळ, असें प्रथम सांगून ग्रंथकार शय्येची लांबी देतो. राजाची शय्या 100 अंगुळांची, राजपुत्राची 90, मंत्र्याची 84, सेनापतीची 78 आणि पुरोहिताची 72. रुंदीचा नियम तो विश्वकर्म्याच्या नांवावर सांगतो: लांबीचें निम्में करावें आणि त्यांतून त्याचाच आठवा भाग वजा करावा. पायांची उंची लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी.

24 अंगुळांचा एक हात व दीड फुटाचा हात, असा हिशेब धरला तर राजाचा पलंग सव्वासहा फूट लांब, सुमारें पावणेतीन फूट रुंद आणि दोन फुटांहून किंचित् अधिक उंच होतो. पुरोहिताचा मात्र अवघा साडेचार फूट लांब! पुरोहिताचें शरीर राजाच्या शरीरापेक्षां पावणेदोन फुटांनीं आंखूड असतें, असा अनुभव कोणासही नाहीं. म्हणजे येथें मोजणी निजणाराच्या देहाची नसून त्याच्या पदाची आहे, हें उघड होतें. अंगुळ थोडें मोठें धरलें तर आंकडे बदलतील. पण राजापासून पुरोहितापर्यंत उतरत गेलेली पायरी बदलणार नाहीं. तथापि त्याच अध्यायाचा लांकडासंबंधींचा भाग मात्र सुताराच्या अनुभवास धरून आहे. चंदन, देवदार, साग, शिसव यांसारखीं लांकडें घ्यावीं. विजेनें, वाऱ्यानें, पाण्याच्या लोंढ्यानें किंवा हत्तीनें पाडलेलीं, वेलींनीं आवळलेलीं, मधमाशांनीं व पक्ष्यांनीं घर केलेलीं झाडें टाकावीं, असें तेथें सांगितलें आहे. यांत शकुनापशकुनाची भीति आहेच. परंतु पोकळ, तडकलेलें व अर्धवट वाळलेलें लांकूड भार सहन करीत नाहीं, ही जाणही त्याखालीं दडलेली आहे.

शय्या ही मानाची वस्तु होती याचा याहूनही जुना पुरावा व्याकरणांत आहे, हें वाचून कित्येकांस आश्चर्य वाटेल. पाणिनीनें निंदा दर्शविणारा म्हणून 'खट्वारूढ' या समासासाठीं मुद्दाम एक सूत्र केलें आहे. अध्ययन पुरें करून, स्नान करून व गुरूची अनुज्ञा घेऊन मग खाटेवर चढावें. तत्पूर्वीं जो चढला तो खट्वारूढ, म्हणजे उन्मार्गगामी, असें टीकाकार सांगतात. ब्रह्मचाऱ्यानें गुरूपेक्षां खालच्या आसनावर बसावें व खालच्या शय्येवर निजावें, असें मनुस्मृतीही सांगते. तेव्हां खाट म्हणजे केवळ निजण्याचें साधन नव्हे. ती गृहस्थाश्रमाची पायरी होती, आणि त्या पायरीवर कोणीं केव्हां चढावें हें समाजानें ठरवून दिलें होतें.

या सर्व उतरंडीस उलट दिशेनें हात घातला तो बुद्धानें. भिक्षूंच्या नियमांत मंचकाच्या पायांस सुगताच्या आठ अंगुळांची मर्यादा घालून दिलेली आहे. उपनंद नामक भिक्षूच्या उंच मंचकावरून हा नियम झाला, असें विनयपिटकांत सांगितलें आहे. या नियमाचा विशेष असा कीं, मर्यादेबाहेर गेलेला पाय प्रथम कापून टाकावा आणि मगच अपराधाची कबुली द्यावी. कापल्याशिवाय नुसती कबुली चालत नाहीं. उपोसथाच्या दिवशीं गृहस्थ उपासक जीं आठ शीलें पाळतात, त्यांतही उंच व मोठ्या शय्येचा त्याग सांगितलेला आहे. वराहमिहिरानें शय्या पदाप्रमाणें वाढविली. त्याच्या कित्येक शतकें आधीं बुद्धानें ती सर्वांसाठीं सारखीच खालीं आणिली होती.

या नियमाचें रूप आपल्या महाराष्ट्रांत आजही डोळ्यांनीं पाहतां येतें. भाज्याच्या डोंगरांत इसवी सनापूर्वीं कोरलेल्या विहारांतील कोठड्यांत शिरलें असतां भिंतीलगत सोडलेला दगडी ओटा दिसतो. तीच भिक्षूची शय्या. अजिंठ्याच्या 12 व्या क्रमांकाच्या लेण्यांत कोठडीकोठडींतून असे दोन दोन ओटे आहेत. कोठडी आणि शय्या एकाच दगडाची. तेथें शय्या मोठी करण्याची सोयच नाहीं, आणि खोलींत ती मावेल कीं नाहीं हा प्रश्नही नाहीं. ज्यानें खोली कोरली त्यानेंच शय्या सोडली, आणि दोहोंचें माप निजणाऱ्या एका मनुष्यावरून घेतलें. मापाच्या दृष्टीनें इतका निर्मळ विचार आम्हांस दुसरीकडे क्वचितच आढळला.

नागर रसिकाचा मार्ग या दोहोंहून निराळा. वात्स्यायनानें कामसूत्रांत नागरकाच्या खोलीचें जें वर्णन केलें आहे, त्यांत दोन्ही बाजूंस उशा असलेली, मध्यें किंचित् लवलेली व शुभ्र आच्छादनाची मऊ शय्या आहे, आणि तिच्या जवळच दुसरी लहान शय्या आहे. लांबीरुंदीचे आंकडे तो देत नाहीं. शय्येभोवतीं काय काय असावें तें मात्र बारकाईनें सांगतो. डोक्याशीं कूर्चासन व वेदी, तिच्यावर गंध, माला, विडे, खालीं पिकदाणी, भिंतीस वीणा. राजाची शय्या अंगुळांनीं मोजिली गेली, भिक्षूची संयमानें; नागरकाची शय्या मात्र खोलींतील इतर वस्तूंच्या संबंधानें ठरली. शय्या ही खोलीचा एक भाग आहे, खोली शय्येचें वेष्टन नव्हे, ही दृष्टि आम्हांस या वर्णनांत दिसते.

पाश्चात्यांचा इतिहास पाहिला तर तेथेंही हाच झगडा आढळतो. ग्रीक कथेंतील ओडिसियस राजानें जमिनींत उभ्या असलेल्या ऑलिव्ह वृक्षाच्या बुंध्यासच पलंगाचा खांब केला आणि त्याभोवतीं शयनगृह बांधिलें. तो पलंग हलवितां येत नाहीं हें गुपित ठाऊक असल्यामुळेंच वीस वर्षांनीं परतलेला पति पत्नीस ओळखतां आला. त्याच ग्रीकांची दुसरी कथा प्रोक्रस्टीझ नामक दुष्टाची. तो वाटसरूस आपल्या पलंगावर निजवी. वाटसरू आंखूड पडला तर त्यास ताणी, लांब झाला तर त्याचे पाय तोडी. एका कथेंत शय्येसाठीं घर झालें, दुसरींत शय्येसाठीं मनुष्य कापला गेला. बायबलांत बाशानचा राजा ओग याचा लोखंडी पलंग नऊ हात लांब व चार हात रुंद असल्याचें सांगितलें आहे. तेथेंही मोठा पलंग हें मोठ्या राजाचेंच चिन्ह.

इंग्लंडांतील सर्वांत नामांकित पलंग मात्र राजाचा नसून खानावळीचा आहे. हार्टफर्डशायर परगण्यांतील वेअर या गांवीं सन 1590 च्या सुमारास ओक लांकडाचा एक कोरीव पलंग तयार झाला. त्याची लांबी व रुंदी दोन्हीं सुमारें तीन मीटर व एक तृतीयांश, म्हणजे जवळजवळ अकरा फूट. प्रवाशांचें लक्ष वेधावें हाच त्याच्या आकाराचा हेतु असावा, असें मानितात. शेक्सपिअरनें आपल्या 'ट्वेल्फ्थ नाइट' नाटकांत त्याचा उल्लेख केला आहे, यावरून त्याची कीर्ति किती झपाट्यानें पसरली तें कळतें. सन 1931 मध्यें तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयानें विकत घेतला. त्याच शेक्सपिअरनें 1616 च्या मृत्युपत्रांत पत्नीस आपला 'दुसऱ्या प्रतीचा' पलंग ठेविला, यावरून पंडितांत अद्याप वाद आहेत. कित्येकांच्या मतें पहिल्या प्रतीचा पलंग पाहुण्यांसाठीं असे आणि दुसरा पतिपत्नींचा असे. तसें असल्यास त्या देणगींत उपेक्षा नसून जिव्हाळा आहे. पण चांगला पलंग घरच्यांसाठीं नव्हे, ही गोष्ट त्यांतूनही निघतेच! फ्रान्सचा चौदावा लुई याच्या काळीं तर शय्या हें राज्ययंत्राचें केंद्रच झालें. 1701 मध्यें व्हर्साय येथील राजाचें शयनगृह राजवाड्याच्या ऐन मध्यभागीं आणण्यांत आलें, आणि राजाचें उठणें व निजणें हे दरबारी समारंभ ठरले.

इतकें असूनही सामान्य मनुष्याच्या वांट्यास स्वतंत्र शय्या क्वचितच येई. 1776 च्या सप्टेंबरांत अमेरिकेचे दोन पुढारी, बेंजामिन फ्रँकलिन व जॉन ॲडम्स, ब्रिटिश सेनानीच्या भेटीस चालले असतां न्यू ब्रन्स्विक येथील खानावळींत दोघांस मिळून एकच बिछाना मिळाला. ती खोली बिछान्याहून थोडीशीच मोठी होती, आणि तीस एक लहान खिडकी होती, असें ॲडम्सनें आत्मवृत्तांत लिहून ठेविलें आहे. ॲडम्स खिडकी लावूं पाहत होता, फ्रँकलिन ती उघडी ठेवूं पाहत होता. फ्रँकलिन सर्दीच्या कारणांवर व्याख्यान देऊं लागला आणि तें ऐकतां ऐकतां ॲडम्सला झोंप लागली. पुढें राष्ट्राचा अध्यक्ष झालेला पुरुष बिछान्याच्या रुंदीविषयीं तक्रार करीत नाहीं, खिडकीविषयीं करितो, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकांत लोखंडी पलंग कारखान्यांतून निघूं लागले. ढेंकणांस थारा न देणारी व धुतां येणारी चौकट म्हणून रुग्णालयांनीं व वसतिगृहांनीं त्यांचा स्वीकार केला. पुढें स्प्रिंगांच्या गाद्या आल्या, आणि गादी व चौकट निरनिराळ्या कारखान्यांत होऊं लागतांच ठराविक मापांची गरज उत्पन्न झाली. कारण एकाची गादी दुसऱ्याच्या चौकटींत बसली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत या मापांस राजा व राणी यांचीं नांवें मिळालीं, आणि तीं जगभर पसरलीं. परंतु हा राजा देशोदेशीं निराळा आहे. अमेरिकेंतील 'किंग' गादी 76 इंच रुंद, इंग्लंडांतील 60 इंच, आणि आपल्या दुकानांत तिला बहुधा 72 इंच धरितात. वराहमिहिराच्या राजाची शय्या तर यांच्या निम्म्या रुंदीची, आज आपण एकट्यासाठीं घेतों त्या तीन फुटी पलंगाहूनही अरुंद. तेव्हां नांवास भुलून राजेपण विकत घेणाऱ्या गृहस्थानें प्रथम फूटपट्टी हातीं घ्यावी, हें बरें.

आतां आपल्या घरांकडे वळूं. जुन्या महाराष्ट्रीय घरांत शयनगृह म्हणून निराळी खोली बहुधा नसे. रात्रीं माजघरांत सतरंज्या व गोधड्या पसरल्या कीं तेंच शयनगृह. सकाळीं वळकट्या गुंडाळल्या कीं तेंच भोजनगृह. पलंग असलाच तर तो एक, आणि तो घरांतील कर्त्या पुरुषाचा. स्त्रियांस व मुलांस भुई. स्त्रीच्या वांट्यास स्वतःची अशी शय्या येई ती बाळंतपणांत. सुंभानें विणलेली बाज, आणि तिच्याखालीं शेकाची शेगडी. तोही मान सव्वा महिन्याचा; मग ती बाज उभी करून माळ्यावर जाई. आमच्या मातोश्रींची शय्या आम्ही आठवूं लागलों तेव्हां आम्हांस एवढ्या बाजेखेरीज दुसरी आठवेना, हें येथें कबूल करितों.

मुंबईच्या चाळींत तर माजघरही उरलें नाहीं. 1920 नंतरच्या दशकांत सरकारनें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें ज्या बी. डी. डी. चाळी बांधिल्या, त्यांतील एक खोली 160 चौरस फुटांची. त्यांत सहा फूट रुंद व साडेसहा फूट लांब पलंग मांडला तर तो एकटाच 39 चौरस फूट, म्हणजे जवळजवळ पाव खोली व्यापील. म्हणून चाळीनें पलंग दूर ठेविला. आला तर एक लोखंडी खाट आली, तिच्यावर म्हातारें किंवा आजारी मनुष्य निजे, खालीं पेट्या व अंथरुणें राहत, आणि तरुण मंडळी बाहेर सज्जांत पथारी पसरीत. त्या चाळींच्या पुनर्बांधणींत रहिवाशांस 500 चौरस फुटांचीं घरें देण्याचें ठरलें, आणि तीं मिळालेल्या कुटुंबांत आज पहिलीच मोठी खरेदी म्हणून पलंगाची चौकशी होत असेल, तर त्यांत आम्हांस कांहीं गैर दिसत नाहीं. तीन पिढ्या ज्यांनीं पाय दुमडून काढिल्या, त्यांस पाय पसरण्याची हौस असणारच.

तथापि ती हौस भागवितांना दोन मापें विसरूं नयेत, असें आम्ही नम्रपणें सुचवितों. पहिलें माप निजणाराचें: उंचीहून वीतभर अधिक लांबी, आणि कडेवर बसल्यावर तळपाय सपाट जमिनीवर टेंकतील इतकी उंची. दुसरें माप खोलीचें: पलंग मांडून झाल्यावर उरलेली जागा. दहा फूट औरसचौरस खोलींत सहा फुटी पलंग मध्यें ठेविला तर दोन्ही बाजूंस दोन दोन फूट उरतात व पायथ्याशीं साडेतीन. पायथ्याच्या भिंतीस दोन फूट खोलीचें कपाट उभें केलें कीं दीड फूट राहतो, आणि त्यांत कपाटाचें दार तरी उघडावें किंवा मनुष्य तरी उभा राहावा. तेथेंच पांच फुटी पलंग एका भिंतीकडे सरकविला तर दुसऱ्या बाजूस पांच फूट मोकळे मिळतात, आणि त्यांत मूल खेळतें, पाहुण्याचें अंथरूण पडतें, आजाऱ्याच्या उशाशीं बसतां येतें. घराचें सुख बऱ्याच अंशीं या उरलेल्या जागेंत असतें, असा आमचा अनुभव आहे.

शेवटीं आमच्या पलंगाचें काय झालें, हें वाचक विचारतील. तो आम्हीं कापिला. आमच्या थोरल्या बंधूंस हें रुचलें नाहीं. पूर्वजांच्या वस्तूस करवत लावूं नये, असें त्यांचें मत होतें, आणि त्या मताचा आम्हांस आदर आहे. परंतु मनुष्यास कापून शय्या जपणाऱ्या प्रोक्रस्टीझपेक्षां, मंचकाचे पाय कापावयास लावणाऱ्या बुद्धाचा मार्ग आम्हांस अधिक सोयीचा वाटला. सुतारानें मातोश्रींस खुर्चीवर बसवून त्यांच्या गुडघ्यापासून टांचेपर्यंत दोरीनें माप घेतलें. त्या शिसवी लांकडाची तीन फूट रुंद व पावणेसहा फूट लांब अशी एक लहान खाट झाली. मच्छरदाणीच्या खांबांपैकीं एक खांब त्यांच्या हातास आधार म्हणून भिंतीशीं उभा केला. कपाट उघडतें. खिडकीपर्यंत जातां येतें.

पहिल्या रात्रीं मातोश्री बराच वेळ नुसत्याच कडेवर बसून होत्या. आम्हीं विचारलें, उंची बरोबर आहे ना? त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. दोन्ही पाउलें जमिनीवर टेंकवून पाहिलीं, पुन्हां उचललीं, आणि पाठ टेंकली.